एचसी-०५ पेअर झालं, आता पुढचं काम

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस जवळ आलेत, म्हणून आज त्या दोन-तीनशे रुपयांच्या ब्लूटूथ मॉड्यूलवर बोलूया. पुण्यात तपकीर गल्लीत जा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, हातात बहुतेक वेळा एचसी-०५ नाहीतर एचसी-०६ पडतं. आर्डुइनोला चार वायरी जोडल्या, फोनवर पेअर केलं, पिन १२३४ टाकला, अॅपमधलं बटण दाबलं, एलईडी पेटला. बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात.

आता कॉलेजच्या प्रदर्शनाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. वीस टेबलं, त्यातल्या दहांवर हेच मॉड्यूल. फोनवर शोधलं की एचसी-०५, एचसी-०५, एचसी-०५ अशी रांग दिसते आणि सगळ्यांचा पिन तोच. शेजारच्या टेबलावरचा मुलगा चुकून तुमच्या गाडीला कनेक्ट झाला की तुमचा फोन कनेक्टच होत नाही, कारण हे मॉड्यूल एका वेळी एकाच फोनशी बोलतं. परीक्षक समोर उभे, आणि तुम्हाला वाटतं मॉड्यूल उडालं. गाडीचं एक वेळ ठीक आहे हो. पण लोक याच मॉड्यूलवर दाराचं कुलूप करतात, मोटार चालू-बंद करतात. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर, म्हणजे जिन्यात उभा असलेला माणूस त्यात आरामात येतो.

तर खरा सेटअप. पण विकत घेण्याआधी एक प्रश्न: वापरणाऱ्याकडे फोन कोणता? एचसी-०५ आणि ०६ हे जुनं क्लासिक ब्लूटूथ आहे. अँड्रॉइडला चालतं, आयफोनवर तुमच्या अॅपला त्याच्याशी बोलताच येत नाही. ग्रुपमध्ये कोणाकडे आयफोन असेल आणि त्यावरच डेमो द्यायचा असेल तर बीएलईवालं एचएम-१० घ्या. बीएलई मॉड्यूल फोनच्या सेटिंगमधून पेअर करत बसू नका, थेट अॅपमधून कनेक्ट करा. निम्मे लोक इथेच अडकतात.

आता वायरिंग. एचसी-०५ च्या बोर्डाची मागची बाजू बघा. बऱ्याच बोर्डांवर छापलेलं असतं: पॉवर ३.६ ते ६ व्होल्ट, लेव्हल ३.३ व्होल्ट. म्हणजे व्हीसीसीला ५ व्होल्ट द्या, काही हरकत नाही. पण आरएक्स पिन ३.३ चीच आहे, आणि आर्डुइनो उनो तिथे ५ व्होल्ट पाठवतो. ‘माझं तर असंच चालतंय’ असं सांगणारे भेटतील. चालतं, पण पिनवर कायम ताण असतो, आणि एक रुपयाच्या रेझिस्टरसाठी तो कशाला द्यायचा? एक किलोओहमचे तीन रेझिस्टर घ्या. आर्डुइनोची पिन ११, तिथून एक रेझिस्टर, मग मॉड्यूलची आरएक्स. त्याच जोडावरून उरलेले दोन एकामागे एक ग्राउंडला. ५ चे ३.३ झाले. मॉड्यूलची टीएक्स थेट पिन १० ला लावा, उनोला ३.३ व्होल्ट समजतात.

पिन ० आणि १ मुद्दाम टाळायच्या. त्या यूएसबीसाठी वापरात असतात, मॉड्यूल तिथे लावलेलं असेल तर कोड अपलोड व्हायला अडतो. सॉफ्टवेअर सीरियल लायब्ररीत १० आणि ११ द्या.

आता मुख्य भाग, एटी मोड. मॉड्यूलची पॉवर काढा, बोर्डावरचं छोटं बटण दाबून धरा आणि तसंच पॉवर द्या. एलईडी भराभर मिचकावत होता तो आता दोन-दोन सेकंदांनी सावकाश मिचकावेल. या मोडमध्ये मॉड्यूल ३८४०० बॉड रेटवर बोलतं, तर तुमच्या कोडमध्ये सॉफ्टवेअर सीरियल ३८४०० ला हवं. सीरियल मॉनिटरमध्ये ‘बोथ एनएल अँड सीआर’ निवडा. एटी टाइप करून पाठवा. ओके आलं? झालं.

मग नाव: एटी+नेम=, पुढे तुमचं नाव. मग पिन: एटी+पीएसडब्ल्यूडी=, पुढे चार आकडे. काही फर्मवेअरला पिन अवतरणचिन्हांत लागतो, एरर आली तर तसं करून बघा. मग एटी+यूएआरटी=९६००,०,०. या कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. नाव विचारल्यावर मॉड्यूल गप्प बसलं तर बटण दाबून धरून पुन्हा विचारा. शेवटी पॉवर काढून परत द्या, कोडमधला वेग ९६०० करा, आणि फोनमधली जुनी पेअरिंग ‘फर्गेट’ करून नव्याने पेअर करा. फोनवर नुसता कचरा अक्षरं दिसली तर दहातल्या नऊ वेळा दोन्हीकडचा बॉड रेट जुळत नसतो. मॉड्यूलला दोष देऊ नका.

एचसी-०६ चं तंत्र वेगळं. बटण नाही, एटी मोड वेगळा नाही. फोन कनेक्ट नसताना ते ९६०० वर एटी ऐकत असतं. सहसा त्याला लाइन एंडिंग चालत नाही, आणि बरोबरचं चिन्हही नको: एटी+नेम, आणि त्याला चिकटून नाव.

कुलपाबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. पिन बदलला तरी तो चार आकडी आणि तंत्र जुनं ब्लूटूथ २.०. ड्रॉवरचं, कपाटाचं कुलूप ठीक, पण तिथेही आर्डुइनोच्या कोडमध्ये स्वतःचा वेगळा पासवर्ड तपासा, आणि तीन चुका झाल्या की काही मिनिटं ऐकणं बंद करा. घराच्या मुख्य दाराला हे लावू नका. घरचे कितीही कौतुकाने म्हणाले तरी.

एक शेवटचं. अॅप स्वतः बनवलंय आणि अँड्रॉइड १२ किंवा पुढच्या फोनवर कनेक्ट होताना एरर येतेय? तिथे ब्लूटूथसाठी ‘निअरबाय डिव्हाइसेस’ ही परवानगी लागते. जुन्या ट्यूटोरियलमधलं अॅप ती मागतच नाही. डेमोच्या आदल्या रात्री मित्राच्या नव्या फोनवर एकदा चालवून बघा. आणि मॉड्यूलच्या मागे टेप लावून नाव, पिन, बॉड रेट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तुम्हालाच शोधावं लागणार आहे.