सड्यावरचें फुरसें

शहरांतील माणसाची व सापाची गांठ पूर्वीं गारुड्याच्या टोपलीपाशीं पडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ते खेळ बेकायदा ठरले, आणि आतां ती पडलीच तर सर्पोद्यानाच्या कांचेआड पडते. दोन्ही ठिकाणीं पाहणारा कोण व पाहिला जाणारा कोण, हें आधींच ठरलेलें असतें. रानांत तसें नसतें. तेथें बहुतेक वेळां सापाला माणसाची चाहूल अगोदर लागलेली असते.

रत्नागिरी जिल्ह्यांतील सडे म्हणजे जांभ्या दगडाचीं उघडीं, विस्तीर्ण पठारें. पावसाळा सरून गवत पिवळें पडलें कीं त्यांवर कापणी सुरू होते. गवत कापणारी बाई सकाळींच विळा घेऊन निघते. पायांत फार तर झिजलेली वहाण. डाव्या हातानें गवताची मूठ धरावयाची आणि उजव्यानें विळा फिरवावयाचा. पण डावा हात जेथें जातो तेथें डोळा आधीं पोंचलेला असतोच असें नाहीं. आणि त्याच गवताच्या बुडाशीं, एखाद्या सैल दगडाखालीं, रात्रभर शिकार करून आलेलें फुरसें विसावलेलें असतें.

फुरसें दिसावयास क्षुद्र. कोंकणांतलें फूट-सव्वा फुटाहून मोठें क्वचितच आढळतें. रंग मातीसारखा तपकिरी, पाठीवर फिकट ठिपक्यांची ओळ, दोन्ही बाजूंस नागमोडी पांढुरकी रेघ आणि डोक्यावर बाणाच्या टोंकासारखी खूण. वाळल्या गवतांत तें डोळ्यांस दिसत नाहीं. कानांस मात्र ऐकूं येतें. धोका जाणवतांच तें अंगाच्या घड्या घालतें आणि त्या घड्या उलट दिशांनीं एकमेकींवर घांसूं लागतें. बाजूंचे खवले तिरपे असून त्यांच्या कडांना करवतीसारखे दांते असतात. त्यांच्या घर्षणानें अखंड खरखर उठते. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडत राहावे तशी. इतर साप फुत्कार टाकतात, पण फुत्कारांत श्वासाबरोबर अंगांतला ओलावाहि जातो. कोरड्या प्रदेशांत नांदणाऱ्या या सापानें तो खर्च वांचविण्यासाठीं ही युक्ति साधली असावी, असा कांहीं शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

ही खरखर म्हणजे हल्ल्याची नांदी नव्हे, तर इशारा होय. विष हें सापाचें शिकारीचें धन. जो प्राणी गिळतां येत नाहीं त्याच्यावर तें उधळण्यांत त्याला कांहींच लाभ नाहीं. जिला हा आवाज ओळखतां येतो, ती बाई जागच्या जागीं थबकते, हात हळूच मागें घेते आणि शेजारणीला म्हणते, “थांब गो, जनावर आसा.” सापाचें नांव घ्यावयाचें नाहीं, ही जुनी चाल. चार पावलांचें अंतर पडलें कीं खरखर मंदावते.

काठी आपटीत चालल्यास धामण वा नाग बहुधा वाटेंतून निघून जातो. सापाला बाहेरचा कान नसला, तरी जमिनीची थरथर त्याला उत्तम कळते. पण घोणस व फुरसें पळण्यापेक्षां आपल्या रंगावर भरंवसा ठेवून पडून राहतात. म्हणूनच दंश बहुधा हातापायांना होतो, आणि तो राबणाऱ्याच्या हातापायांना होतो.

१८६२ सालीं सरकारनें बक्षीस लावतांच रत्नागिरी जिल्ह्यांत अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशीं मारलीं गेलीं. फुरसें नामशेष झालें नाहीं. पुढें याच सड्यांवर सुरुंगानें खड्डे पाडून हापूसच्या बागा उठल्या, आणि बागांभोंवतीं रचलेल्या गडग्यांच्या फटींत फुरशाला आयतीं घरें मिळालीं.

या दंशांत फसगत अशी कीं, प्रारंभीं माणूस पुष्कळदां धडधाकट वाटतो. थोडी सूज, थोडी आग. मांत्रिकाचा अंगारा लावून तो घरीं परततो. इकडे विष रक्ताची गोठण्याची शक्ति हिरावून घेत असतें. हिरड्यांतून रक्त पाझरूं लागतें, आणि कांहीं वेळां मृत्यु दिवसांनीं येतो. दवाखान्यांतली परीक्षा अगदीं साधी आहे: स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत थोडें रक्त घ्यावयाचें आणि २० मिनिटें न हलवितां ठेवावयाचें. तें गोठलें नाहीं, तर प्रतिविष तात्काळ द्यावयाचें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालणारें हें औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार होतें. जखम कापणें, चोखणें, दोरी आवळून बांधणें, हे जुने उपाय अपायकारक ठरले आहेत. दंश झालेला अवयव न हलवितां रोग्याला इस्पितळांत पोंचविणें, एवढेंच सोबत्यांनीं करावयाचें.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें वर्षाला सरासरी ५८,००० माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. उपेक्षा कोणाची, हें निराळें सांगावयास नको.

सड्यावर एव्हांना ऊन चढलेलें असतें. घड्या सोडून फुरसें बाजूबाजूनें सरकत दगडाखालीं दिसेनासें होतें. बाई त्या दगडाभोंवतींचें हातभर गवत तसेंच उभें ठेवते आणि पलीकडून पुन्हा विळा चालवूं लागते.