किल्ली कुणाकडे?

डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे कलम ४१ मी पुन्हा पुन्हा वाचतो. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, साधने सज्ज ठेवा, असे ते महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांना बजावते. ‘सज्ज’ हा शब्द मोठा आहे. दोर असतो, तो कुजलाय का, हे कोण पाहते? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसे वाचवायला निघालेली नावच उलटली. म्हणून ग्रामसभेत मी विचारतो : नाव शेवटची पाण्यात कधी घातली? माणसे किती, जॅकेटे किती? गोदामाची किल्ली रात्री कुणाकडे? भोंगा देवळावर आहे, मशिदीवरही आहे. पण इशारा कुणी द्यायचा, हे आधी ठरायला हवे. आमच्या मोहल्ल्यातली दोन नावे मी ग्रामसेवकांकडे लिहून दिली आहेत.