दुबार पेरणी : डेटाबेस भरणारे साधन आणि त्याचा नवा वाचक

नव्याने उभारलेल्या डेटाबेसमध्ये तक्ते असतात, तक्त्यांना रकाने असतात, पण नोंद एकही नसते, आणि नोंदींवाचून त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची पुरेशी चाचणी घेता येत नाही. अशा कोऱ्या डेटाबेसमध्ये सुरुवातीच्या आवश्यक किंवा काल्पनिक नोंदी भरण्याच्या कामाला ‘सीडिंग’, म्हणजे सरळ मराठीत पेरणी, असे म्हणतात. वेब-अॅप बनवण्याच्या चौकटींपैकी रूबी ऑन रेल्समध्ये ती ‘सीड्स’ नावाच्या फाइलीतून, लाराव्हेलमध्ये ‘सीडर’ वर्गांतून, तर जँगोमध्ये ‘फिक्स्चर’ फाइलींतून होते. या साधनांची माहितीपुस्तिका आजवर माणसासाठी लिहिली जात असे. आता ती एआय एजंटही वाचतो. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, जो भाषिक प्रारूपाच्या आधारे पुढचे पाऊल ठरवतो, स्वतः आज्ञा चालवतो आणि तिचे उत्तर वाचून त्यापुढचे पाऊल ठरवतो.

माणूस पुस्तिकेत नसलेलेही बरेच काही जाणून असतो. कोणता डेटाबेस सरावाचा आणि कोणता ग्राहकांचा, कोणती आज्ञा शुक्रवारी संध्याकाळी चालवायची नाही, हे त्याला शेजारच्या टेबलावरून कळते. एजंटला शेजार नसतो. समोर आलेला मजकूर आणि आज्ञेने दिलेले उत्तर हेच त्याचे जग असते. त्यामुळे पुस्तिकेतली गाळलेली जागा तो अंदाजाने भरतो, आणि हा अंदाज बहुधा बरोबर येतो, हीच त्यातली खरी अडचण आहे.

शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते ती पहिली पेरणी वाया गेल्यामुळे. डेटाबेसमध्ये मात्र पहिली पेरणी यशस्वी झालेली असताना दुसरी केली की संकट ओढवते. समजा, ग्राहक, ऑर्डर आणि ऑर्डरीतील वस्तू असे तीन तक्ते आहेत, ग्राहकाचा ईमेल एकदाच नोंदता येईल असे बंधन आहे, आणि पेरणीची आज्ञा दुसऱ्यांदा चालवली गेली. ईमेल आधीच असल्याची त्रुटी पडद्यावर येते. एजंट ती वाचतो, उपाय शोधू लागतो, आणि पुस्तिकेच्या पुढच्याच परिच्छेदात त्याला ‘सर्व तक्ते पुसून नव्याने भरा’ अशी आज्ञा सापडते. लाराव्हेलमध्ये एकाच आज्ञेत सर्व तक्ते काढून टाकून, पुन्हा उभारून त्यांत पेरणी करण्याची सोय आहे. चालू यंत्रणेवर ती आधी खात्री विचारते खरी, पण ‘फोर्स’ हा पर्याय जोडला की तो प्रश्नही येत नाही. पुस्तिकेतल्या नमुन्यात हा पर्याय सोयीसाठी म्हणून लिहिलेला असेल, तर एजंट तो तसाच उचलणार.

तेव्हा आज्ञा पुन्हा चालवली तर नेमके काय होईल, हे प्रत्येक आज्ञेजवळच लिहिले पाहिजे. जँगोची फिक्स्चर पुन्हा भरली, तर त्याच प्राथमिक किल्लीच्या नोंदीत हाताने केलेले बदल पुसले जातात. रेल्समध्ये सारे काही फाइल लिहिणाऱ्यावर अवलंबून असते, म्हणूनच तिथे ‘असेल तर शोधा, नसेल तर तयार करा’ ही पद्धत रूढ आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत 2016 च्या 9.5 या आवृत्तीपासून नोंद आधीच असल्यास काय करायचे, ते भरणीच्या आज्ञेतच सांगता येते. एकाच कामाचे हे निरनिराळे परिणाम ‘डेटा भरला जातो’ एवढ्या वाक्यात मावत नाहीत.

शब्दांचाही घोळ आहे. इंग्रजीत नोंदी भरण्यालाही ‘सीड’ म्हणतात आणि यादृच्छिक संख्यांच्या मालिकेला दिलेल्या आरंभाच्या अंकालाही. मराठीत निदान पेरणी आणि बीजांक असे दोन शब्द वापरता येतात. बीजांक तोच ठेवला, तर काल्पनिक नावे-पत्ते तयार करणारी फेकर ही संग्रहिका दर वेळी तीच नावे देते, पण आवृत्ती बदलली की ही हमी राहत नाही, असे पायथॉनमधील फेकरच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. ही अट न कळलेला एजंट मोडलेल्या चाचणीचा दोष निर्दोष कोडमध्ये शोधत बसेल.

केवळ लिहिण्यावर विसंबणेही योग्य नव्हे. प्रिझ्मा या साधनाने 2025 मध्ये डेटाबेस पुसण्याच्या आज्ञेला असा अडसर घातला, की ती एजंट चालवत असल्याचे ओळखू आले तर काम थांबते, त्रुटीच्या मजकुरातच धोका समजावला जातो आणि वापरकर्त्याची स्पष्ट संमती मागितली जाते. इथे त्रुटीचा संदेश हेच पुस्तिकेचे पान झाले आहे, आणि ते वाचले जाण्याची खात्री सर्वाधिक आहे.

युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या पुस्तिकेत आज्ञेच्या वर्णनाबरोबर तिच्यातल्या उणिवाही नोंदवण्याची प्रथा होती. पेरणीच्या साधनाची पुस्तिका आज लिहिणाऱ्याने तीच प्रथा उचलावी, आणि ‘ही आज्ञा काय पुसते’ हे वाक्य शेवटच्या प्रकरणात न ठेवता आज्ञेच्या आधीच्या ओळीत लिहावे.