परदेशप्रवासाची तयारी आणि विम्याचा कागद

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. बँकेच्या खिडकीमागे बसून वीस-बावीस वर्षे लोकांचे फॉर्म तपासणारा मी एक कारकून आहे. तरीही कार्यकारिणीने मला या विषयावर बोलायला सांगितले, त्याला कारण आहे. आज आपल्या वस्तीतील मुले शिक्षणासाठी परदेशी जात आहेत, काही बांधव नोकरीसाठी आखातात जात आहेत, आणि आपल्या आया-मावश्या लुंबिनीला, श्रीलंकेला, थायलंडला जाण्यासाठी पैसे साठवत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिकीट काढले म्हणजे तयारी झाली असा आपला समज असतो. माझाही होता. तो समज मला किती महाग पडला, ते पुढे सांगणारच आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट. बाबासाहेब १९१३ साली शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि तेथून १९१६ साली लंडनला गेले, हे आपल्यातील लहान मुलालाही ठाऊक आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवलेले होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि उपाशीपोटी राहून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. मात्र सामानाची नुकसानभरपाई म्हणून त्यांना सहाशे रुपये मिळाले आणि बडोद्याला नोकरीवर हजर होण्याचा खर्च त्यातूनच भागला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुस्तके काही परत आली नाहीत. पण हातात पैसा नसलेल्या माणसाला पुढचे पाऊल टाकता आले. विमा एवढेच करतो. तो संकट टाळत नाही, संकटानंतर माणसाला कर्जात बुडू देत नाही.

आता माझी गोष्ट. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही अठरा जण श्रीलंकेला गेलो. माझी आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. अनुराधपूरचा महाबोधिवृक्ष डोळ्यांनी पाहावा ही तिची कित्येक वर्षांची इच्छा. सर्वांचे विम्याचे फॉर्म मीच भरले, कारण बँकेतला माणूस म्हणून सर्वांचा माझ्यावर विश्वास. आईच्या फॉर्मवर प्रश्न होता, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही आहे काय? आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "अरे, मी साखरेची गोळी खाते ते लिही की." मी म्हणालो, "आई, ते लिहिलं तर हप्ता वाढेल, नाहीतर पॉलिसीच देणार नाहीत. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि मी "नाही" या चौकटीत खूण केली.

अनुराधपूर झाले. कँडीला पोहोचलो त्या रात्री आईला दरदरून घाम सुटला आणि ती बोलेनाशी झाली. दिवसभर उपाशीपोटी चालली होती, गोळी मात्र वेळेवर घेतली होती. साखर एकदम उतरली होती. खासगी रुग्णालयात तीन दिवस ठेवावे लागले. बिल झाले सुमारे दोन लाख श्रीलंकन रुपये, म्हणजे त्या वेळच्या दराने आपले ऐंशी हजारांच्या जवळपास. मी विमा कंपनीला फोन केला. त्यांनी रुग्णालयाकडून कागद मागवले. त्या कागदांवर पहिल्याच ओळीत डॉक्टरांनी लिहिले होते, "रुग्णास अकरा वर्षांपासून मधुमेह." दावा नामंजूर झाला.

सोबतच्या मंडळींनी तिथल्या तिथे पदरचे पैसे काढले. एका मावशींनी तर नातवंडांच्या खरेदीचे पैसे माझ्या हातात ठेवले. परत आल्यावर पतपेढीचे कर्ज काढून मी ते सर्व फेडले. दोन वर्षे हप्ते गेले. मित्रहो, मी कंपनीला दोष देत नाही. फॉर्मवर खोटे मी लिहिले होते. लोकपालाकडे जावे असे मनात आले होते, पण तिथे जाऊन सांगणार काय? रोज खिडकीवर मी लोकांना सांगतो, "वाचून सही करा." आणि घरच्या फॉर्मवर मीच आईचा खरा शब्द खोडला. ती नंतर एकदाच म्हणाली, "मी तर सांगितलं होतं." पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. ते विम्याच्या फॉर्मलाही लागू आहे, हे मला ऐंशी हजार रुपयांत कळले.

याच सहलीत दुसरा अनुभव उलट आला. परतताना एका ताईंची बॅग मुंबईत पट्ट्यावर आलीच नाही. त्या घाईने बाहेर पडल्या नाहीत. विमानतळावरच विमान कंपनीच्या खिडकीवर जाऊन त्यांनी बॅग न मिळाल्याचा लेखी अहवाल घेतला, बॅगेचे चिकटपत्र आणि बोर्डिंग पास जपून ठेवले. बॅग शेवटपर्यंत सापडली नाही, पण कागद पुरे असल्यामुळे त्यांना भरपाई मिळाली. ताई सातवी शिकलेल्या, मी पदवीधर. यात काय ते समजा.

आता पॉलिसी निवडताना काय पाहावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक वेळा भारताबाहेर चालत नाही. नेपाळ जवळ आहे, पण तोही परदेशच आहे. म्हणून प्रवासासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो आणि तो भारतातून निघण्यापूर्वी घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, रक्कम. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे आणि तो त्या सर्व देशांत व संपूर्ण मुक्कामासाठी चालला पाहिजे. अमेरिकेत औषधोपचार फारच महाग, तेथे याहून कितीतरी मोठी रक्कम घ्यावी. हप्ता थोडा वाचवण्यासाठी रक्कम कमी करू नये.

तिसरी गोष्ट, वजावट. समजा पॉलिसीत १०० डॉलर वजावट लिहिली आहे. बिल ८० डॉलर झाले तर काहीच मिळणार नाही, १,००० झाले तर ९०० मिळतील. फसवणूक झाली असे म्हणण्यापूर्वी हा आकडा वाचलेला असावा.

चौथी गोष्ट, पोटमर्यादा. वर मोठ्या अक्षरात ५०,००० डॉलर असतात, आणि आत बारीक अक्षरात ज्येष्ठांसाठी खोलीभाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी यांना वेगवेगळ्या मर्यादा असू शकतात. साठीच्या पुढील माणसाची पॉलिसी घेताना हे पान आवर्जून वाचावे.

पाचवी गोष्ट, जुना आजार. तो लपवू नये. काही पॉलिसी जुना आजार पूर्ण वगळतात, काही जिवावर बेतले तर ठरावीक रकमेपर्यंत खर्च देतात. लेखी विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे. एजंटाचे तोंडी "होऊन जाईल" हे उत्तर नव्हे.

सहावी गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलली पाहिजे. परदेशात मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे की नाही, ते पाहावे. त्याचबरोबर दारूच्या अमलाखाली झालेला अपघात आणि साहसी खेळातील दुखापत यांचे पैसे सहसा मिळत नाहीत, हे तरुण मित्रांनी लक्षात ठेवावे.

नोकरीसाठी आखातात जाणाऱ्या बांधवांसाठी एक सूचना. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे देश सोडण्यापूर्वी सरकारी परवानगी आवश्यक, अशी नोंद असते. अशा कामगारांसाठी प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दलालाच्या भरवशावर न राहता त्याची पॉलिसी स्वतः ताब्यात घ्यावी.

विद्यार्थ्यांनी पॉलिसी घेण्यापूर्वी विद्यापीठाला विचारावे. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. जर्मनीत तिशीच्या आतील बहुतेक विद्यार्थ्यांना तेथील सरकारमान्य आरोग्य विमा घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांसाठी ठरावीक आरोग्य विमा असल्याखेरीज व्हिसा मिळत नाही. अमेरिकेत अनेक विद्यापीठे स्वतःचाच विमा घ्यायला लावतात. न विचारता इथून पॉलिसी घेतली तर पैसे दोनदा जातात.

आता माझ्या कामाचा विषय, पैसा. एका प्रवासात बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात, बाकी रक्कम कार्डावर न्यावी. आपले डेबिट कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. ती सोय निघण्यापूर्वी बँकेतून किंवा ॲपवरून सुरू करून घ्यावी. बँकेकडे नोंदवलेला मोबाईल क्रमांक परदेशात चालू राहील याची व्यवस्था करावी, नाहीतर ओटीपी इकडे आणि आपण तिकडे. दुकानात मशीनने "रुपयांत की स्थानिक चलनात" असे विचारले, तर स्थानिक चलन निवडावे. रुपयांत दर सहसा वाईट पडतो.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत पाहावी. अनेक देशांना ती किमान सहा महिने शिल्लक लागते. नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. मात्र आधार कार्डावर भिस्त ठेवू नये. ते पंधराच्या आतील आणि पासष्टच्या वरील व्यक्तींनाच चालते. पासपोर्ट हरवला तर आधी तेथील पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास, हा क्रम ध्यानात ठेवावा.

औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. मधुमेहींनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि उपाशी चालू नये. आणि भगिनींनो, लेकीला दुबईला किंवा सिंगापूरला अनारसे पाठवताना विचार करा. त्या देशांत खसखस नेण्यास बंदी आहे. आपल्या मसाल्यातही खसखस असते. प्रेमाने दिलेला डबा तिला चौकशीच्या खोलीत नेऊन बसवू शकतो.

शेवटी दाव्याबद्दल. पॉलिसीवरील मदत क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दोन सोबत्यांकडे द्यावा. रुग्णालयात दाखल होताच फोन करावा, घरी परतल्यावर नव्हे. मूळ बिले, तपासण्यांचे अहवाल, पोलीस तक्रार, बोर्डिंग पास, काहीही फेकू नये. सर्व खरे लिहूनही दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. हक्क आहे तो वापरावा. पण त्यासाठी आपली बाजू स्वच्छ हवी.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. लुंबिनीला जायचे म्हणते. परवा मी तिचा फॉर्म भरायला बसलो. साखर लिहिली, रक्तदाब लिहिला, गोळ्यांची नावे लिहिली. हप्ता बराच वाढला आणि जुन्या आजारासाठी संरक्षणही मर्यादितच मिळाले. कमी पडेल तेवढी रक्कम पतपेढीत बाजूला ठेवली आहे. सही करण्यापूर्वी आईने मला सगळा फॉर्म मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला.

आपण जा, जग पाहा, मुलांना पाठवा. फक्त वाचून सही करा आणि खरे तेच लिहा, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम!