निरोप कोणाचा?



ठाण्यास राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांना मीं मध्यंतरीं सांगितलें, कीं मी दर रविवारीं सायंकाळीं भिवंडी तालुक्यांतील एका पाड्यावर जातों आणि तेथील कातकरी व वारली तरुणांस मोबाईल व इंटरनेट यांच्या साहाय्यानें परस्परांशीं संपर्क कसा राखावा, आपलें म्हणणें कचेरीपर्यंत व जगापर्यंत कसें पोंचवावें, याचे पाठ देतों. तें ऐकून ते मोठ्यानें हंसले. "गुरुजी, हें कसलें शिकवितां? तीं पोरेंच तुम्हांला शिकवतील!" असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें निम्में खरें होतें. चित्रफीत कशी काढावी, तिला गाणें कसें जोडावें, संपत आलेली बॅटरी पुरवून कशी वापरावी, या साऱ्या विद्या माझे ते विद्यार्थीच मला शिकविते झाले. बोटें चालविण्यांत ते माझे गुरु आहेत, हें मी आनंदानें कबूल करतों. परंतु निरोप धाडतां येणें निराळें, आणि धाडलेल्या निरोपाची जबाबदारी घेणें निराळें. आज मला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या गोष्टीविषयीं. आणि ती मीं कशी शिकलों हें सांगतांना मला थोडें लाजावेंही लागणार आहे.

भिवंडी म्हटलें कीं आपणांस यंत्रमागांचा खडखडाट आठवतो, आणि अलीकडे रस्त्याच्या दुतर्फा उभीं राहिलेलीं अवाढव्य गोदामें. आपण घरबसल्या मागविलेली वस्तु पुष्कळदां यांतल्याच एखाद्या गोदामांतून निघालेली असते. त्या रस्त्यावरून आंत वळून कोस-दीड कोस गेलें, कीं वीटभट्ट्या लागतात आणि त्यांच्या आसपास झोंपड्या दिसतात. महाराष्ट्रांत ज्या तीन जमातींची आदिम जमाती म्हणून सरकारदरबारीं नोंद आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही एक. दिवाळी सरली, कीं यांतलीं कितीतरी कुटुंबें मालकाकडून उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशीं पाड्यावर परततात. कागदावर वस्ती एके ठिकाणीं. माणसें मात्र सहा-सात महिने दहा ठिकाणीं विखुरलेलीं.

अशा माणसांना मोबाईल ही चैन कां नव्हे, हें वनहक्कांच्या कायद्यावरून ध्यानांत येईल. तो कायदा २००६ सालचा. पिढ्यान् पिढ्या जी वनजमीन कसली तिच्यावरील दाव्याचा पहिला विचार ग्रामसभेंत व्हावयाचा असतो, आणि २०१२ सालीं दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणें त्या सभेस निदान निम्मे सभासद हजर लागतात. हजर असणाऱ्यांत एक-तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. आतां पौषमाघांत निम्मा पाडा भट्टीवर. त्याला सभेची तारीख कळविणार कोण, आणि कशी? येथें संपर्काचा प्रश्न हा जमिनीचा प्रश्न होऊन बसतो.

आमचा वर्ग शाळेच्या व्हरांड्यांत भरतो. पंधरा-वीस मुलगे व मुली, आणि प्रारंभीं त्या सर्वांत मिळून फोन नऊ. मुलींपैकीं स्वतःचा फोन दोघींपाशीं होता. बाकीच्यांच्या घरचा फोन बापाच्या किंवा भावाच्या खिशांत, आणि तो खिसा दिवसभर कामावर. आम्हीं पाड्यावरील साठ माणसांच्या नंबरांची यादी मोठ्या हौसेनें केली. चार महिन्यांनीं त्यांतले वीस नंबर लागेनात. पैसे भरले नाहींत कीं नंबर बंद पडतो, आणि मग माणूस नवाच नंबर घेतो. तेव्हां दर महिन्यास यादी पुन्हां तपासणें, हें या विद्येंतलें सर्वांत कंटाळवाणें आणि सर्वांत आवश्यक काम आहे, हा आमचा पहिला शोध.

दुसरा शोध माझ्या चुकीमुळें लागला. पहिल्याच हिवाळ्यांत, जातीचे दाखले देण्याचें शिबिर तालुक्याच्या ठिकाणीं भरणार असल्याचा निरोप एका जुन्या सहकाऱ्याकडून मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. दाखला मिळविण्यासाठीं अनुसूचित जमातीच्या माणसास ६ सप्टेंबर १९५० पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाचें नांव कोणत्याच शाळेच्या पटावर नाहीं, त्यानें तो आणावा कोठून? शिबिरांत निदान अडचण ऐकून घेणारा अधिकारी समोर बसलेला असतो. मीं तो निरोप वाचला, हर्षलों, आणि तसाच पाड्याच्या गटावर धाडून दिला. नेमल्या दिवशीं चाळीसएक माणसें, कांहीं भट्टीवरची मजुरी बुडवून, कांहीं तान्हीं मुलें कडेवर घेऊन, रिक्षांना भाडें भरून तालुक्यास गेलीं. तेथें शिबिर नव्हतें. निरोपांत तारीख होती, महिना होता, साल नव्हतें. तो निरोप मागल्या वर्षींचा होता.

त्याच सायंकाळीं मी पाड्यावर गेलों. कोणीं मला शिवी दिली नाहीं. दिली असती तर बरें वाटलें असतें. एका म्हातारीनें एवढेंच विचारलें, "गुरुजी, तुमी सांगितलं म्हणून गेलो ना आमी?" आणखी एक गोष्ट मला मागाहून कळली आणि ती अधिक लागली. वर्गांतील एका मुलीनें आदल्या रात्रींच गटावर विचारलें होतें, "गुरुजी, ही तारीख कोणत्या सालाची?" तिचा तो प्रश्न सुप्रभाताच्या फुलांखालीं आणि देवादिकांच्या चित्रांखालीं गाडला गेला. त्यांतलीं कांहीं फुलें मींच धाडलेलीं होतीं.

विश्वासाच्या माणसाचें नांव लावून आलेला निरोप लोकांना कोठवर नेतो, याचें एक भयंकर उदाहरण आपल्या जुन्या ठाणें जिल्ह्यांतच घडलेलें आहे, आणि तेंही फोनचें नांव पाड्यांवर ठाऊक नसतांना. १९४५ च्या जानेवारींत येथून जवळच टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगांव तालुक्यांतून कांहीं वारली तिला आले. त्यांतल्या माह्या धांगडा यांनीं आपल्या लोकांच्या वेठबिगारीची कहाणी परिषदेपुढें सांगितली. पुढें २३ मे रोजीं झरी या गांवीं हजारों वारल्यांची सभा झाली, आणि 'वेठ देणार नाहीं' हा निर्धार पाड्यापाड्यांवर तोंडोतोंडीं पसरला. लग्नाच्या कर्जापायीं सावकाराच्या दारीं जन्मभर राबणारे लग्नगडी मोकळे होऊं लागले. गोदावरीबाई परुळेकरांच्या एका शब्दावर माणसें चालूं लागत. हें जाळें खरोखरच भक्कम होतें.

आणि म्हणूनच त्याचा दुरुपयोग करतां आला. १० ऑक्टोबरच्या रात्रीं, बाईंनीं बोलाविलें आहे, त्यांच्या जिवास धोका आहे, अशा निरोपावरून हजारों वारली तलवाडा येथें गोळा झाले. बाईंनीं कोणासही बोलाविलें नव्हतें. जमीनदारांच्या बाजूनेंच ही आवई उठविण्यांत आली, असा किसान सभेचा आरोप होता. जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण मारले गेले. तरीही माणसें जागा सोडीनात, कां तर बाईंचा शब्द आल्यावांचून हलावयाचें नाहीं! 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत गोदावरीबाईंनीं या लढ्याचा इतिहास लिहिला आहे. ज्या घरीं तें पुस्तक नसेल त्या घरानें तें अवश्य मिळवावें.

हा वृत्तान्त मीं वर्गांत सांगितला तेव्हां एका मुलानें चटकन् विचारलें, "मग बाईंनाच कुणी विचारलं कसं नाहीं?" मीं म्हटलें, "अरे, विचारणार कसें? बाई तेथें नव्हत्या, आणि विचारावयास साधन नव्हतें." तो गप्प बसला आणि स्वतःच्या हातांतल्या फोनकडे पाहूं लागला.

साधन आल्यावर तरी आपण विचारतों काय? धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें आदिवासी वस्तीचें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस, मुलें पळविणारी टोळी समजून, जमावानें ठार मारलें. मुलें पळविण्याच्या त्या अफवा त्या दिवसांत फोनाफोनांवर फिरत होत्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदींत, पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें अशाच संशयानें तीन जणांचा बळी घेतला. २०१८ च्या जुलैंतच व्हॉट्सअ‍ॅपनें भारतापुरती अशी मर्यादा घातली, कीं आलेला निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये. ठीकच केलें, पण खोटा निरोप पांच पाड्यांवर पोंचला तरी अनर्थास तेवढें पुरे होतें.

दाखल्याच्या त्या फजितीनंतर आम्हीं वर्गाची रीत बदलली. शाळेंत आपण मुलांना पत्रलेखन शिकवितों: वर स्थळ, तारीख व साल, शेवटीं नांव. मीं आयुष्यभर हें मुलांकडून घोकून घेतलें आणि स्वतःच्या हातीं फोन येतांच विसरलों. आतां पाड्याच्या गटावर निरोप टाकणारानें, हें मला कोणाकडून व केव्हां कळलें आणि मीं स्वतः विचारून पाहिलें कीं नाहीं, एवढें सांगावयाचें. 'विचारलें नाहीं' असें म्हणण्यास मज्जाव नाहीं. मात्र तसें म्हणावयाचें. कचेरीसंबंधीं निरोप असेल तर दोघांनीं पाळीपाळीनें कचेरींत जाऊन किंवा फोन करून खात्री करावयाची. कोणीं प्रश्न विचारला, तर त्याचें उत्तर मिळेपर्यंत दुसरें कांहीं टाकावयाचें नाहीं. फुलांसाठीं व शुभेच्छांसाठीं निराळा गट काढून दिला आहे, आणि सांगण्यास खेद वाटतो, कीं तोच अधिक जोरांत चालतो.

ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचा निरोप आवाजांत असतो. छत्तीसगडांत शुभ्रांशु चौधरी यांनीं २०१० सालीं 'सीजीनेट स्वर' नांवाचा जो उपक्रम सुरू केला, त्याची हकीकत मीं मुलांना सांगितली. साध्या फोनवरून मिसकॉल द्यावयाचा, उलट फोन येतो, मग आपली बातमी किंवा तक्रार गोंडींत सुद्धां सांगावयाची. कोणी तरी ती ऐकून, पडताळून पाहतो, आणि मगच ती इतरांच्या कानीं जाते. हा मधला पडताळणारा माणूस नभोवाणीच्या श्रोत्यांस नवा वाटूं नये. माझें हें भाषणही आधीं एकानें तपासलें आहे, आणि दोन ठिकाणीं सुधारलेंही आहे.

पोचेचा धडा थोडक्यांत सांगतों. दावा किंवा अर्ज दिला, कीं पोच मागून घ्यावयाची, तिचें छायाचित्र काढावयाचें आणि तें दोन निराळ्या विश्वासू माणसांकडे धाडून ठेवावयाचें. कुडाच्या भिंतींत खोंचलेला कागद पावसानें भिजतो, नाहीं तर वाळवी खाते. मात्र आधारपत्र, बँकेच्या खात्याचा आंकडा वगैरे सगळ्या गटापुढें मांडावयाचें नाहीं, हेंही तितक्याच निक्षून बजावावें लागतें. कारण फसविणारेही आतां फोनवरच राहतात.

वारली चित्रकलेचेंही असेंच. २०१४ सालीं तिला भौगोलिक उपदर्शनाचें संरक्षण मिळालें. डहाणू-पालघरकडील सुशिक्षित आदिवासी तरुण आपली कला व तिची खरी माहिती इंटरनेटवर स्वतः मांडूं लागले आहेत, ही मला मोठी आनंदाची गोष्ट वाटते. आपल्या दिवाणखान्यांत जें वारली चित्र टांगलेलें असेल, तें कोणाच्या हातचें, हा प्रश्न श्रोत्यांनींही स्वतःला विचारावयास हरकत नाहीं.

अधूनमधून एखादे उत्साही पाहुणे पाड्यावर येतात आणि मोबाईलनें क्रांति होते असें मुलांना सांगून जातात. मला तें फारसें मानवत नाहीं. मेक्सिकोंतील चियापास प्रांतांत १ जानेवारी १९९४ रोजीं तेथील आदिवासींचें बंड झालें आणि त्यांच्या पत्रकांनीं इंटरनेटवरून जग जागें केलें, असें नेहमीं म्हणतात. पण रानांत इंटरनेट कोठून असणार? कागद रानांतून माणसाच्या हातीं शहरांत जात आणि तेथले हितचिंतक ते संगणकावर चढवीत. आपल्या इकडचें पाहा. मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईस निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यांत बहुसंख्य आदिवासी होते, आणि वनजमिनीचे हक्क ही त्यांची मोठी मागणी होती. मोर्चा आमच्या भिवंडीच्या बाजूनेंच महामार्गावरून गेला. फोड आलेल्या त्या पायांचीं छायाचित्रें फोनवरून घरोघरीं पोंचलीं, हें खरें. परंतु ११ मार्चच्या रात्रीं, दुसऱ्या दिवशींच्या दहावीच्या परीक्षेस अडथळा नको म्हणून रातोरात पुढें चालावयाचें ठरलें, आणि तो हजारोंचा समुदाय दिवसभराच्या चालीनंतर पुन्हां उठून चालूं लागला. मी मास्तर असल्यामुळें त्या रात्रीची आठवण मला विशेष आहे. सांगणारा कोण आहे, हें त्यांतल्या प्रत्येकास ठाऊक होतें.

पुढल्या महिन्यांत आमच्या पाड्याची वनहक्कांसाठीं ग्रामसभा आहे. तारीख व साल दोन्ही मुलांनीं लेखी घेतलीं आहेत. निरोप त्याच मुलीच्या आवाजांत, कातकरी बोलींत केला आहे, जिच्या प्रश्नाकडे मीं पूर्वीं लक्ष दिलें नाहीं. शेवटीं ती आपलें नांव सांगते आणि शंका असेल तर मला फोन करा म्हणते. आतां तिला स्वतःचा फोन आहे. तो निरोप अकरा भट्ट्यांवर गेला. सात ठिकाणांहून उत्तर आलें. चार ठिकाणचे नंबर लागत नाहींत. त्या चार भट्ट्यांवर येत्या रविवारीं दोन मुलगे सायकलनें जाणार आहेत, म्हणून त्या दिवशीं आमचा वर्ग भरणार नाहीं.