घाट उतरून आलेला विद्यार्थी
(परतवाडा येथे प्राध्यापक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमरावतीच्या इमारती उभ्या राहतात. मेळघाटातल्या मुलाचे विद्यापीठ मात्र परतवाड्यालाच सुरू होते. येथून अमरावती सुमारे ५० किलोमीटर, तर धारणी त्याच्या जवळजवळ दुप्पट. सेमाडोह-हरिसालकडून येणारी एस.टी. घाट उतरते, सागवानाच्या वखारी दिसू लागतात, आणि भोवतालच्या माणसांच्या तोंडी कोरकू बोली ऐकू येईनाशी होते. भाड्याची पहिली खोली, पहिली खानावळ, पहिला प्रवेश अर्ज हे सारे तो ज्या गावी पाहतो, ते गाव विद्यापीठाच्या कुटुंबातलेच मानले पाहिजे. म्हणून प्राध्यापकांइतकेच कार्यालयातील लिपिक, वसतिगृहाचे गृहपाल, खोली देणारे घरमालक आणि आपण पंचायत सदस्य यांना उद्देशून मी बोलणार आहे.

१ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या पाच जिल्ह्यांत किती भाषा नांदतात याची मोजदाद आपण क्वचितच करतो. वऱ्हाडी सर्वत्र आहे. अचलपूरसारख्या शहरांतून उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तांड्यांवर गोरमाटी, यवतमाळकडे गोंडी व कोलामी, मेळघाटात कोरकू. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या बाजूस निहाली बोलणारी थोडी कुटुंबे आहेत. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी या भाषेचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. एखाद्या परदेशी विद्यापीठाला अशी संपत्ती लाभली असती, तर त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र विभाग थाटला असता.

सर्वांना एका पंक्तीस बसविण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. डॉ. पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डहून परतले आणि अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उभे केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा झाला, त्यात ते पुढे होते. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. आधी वसतिगृह आणि मग महाविद्यालये, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बहुजनांच्या मुलाला शिकवावयाचे तर प्रथम त्याच्या जेवणाची व निजण्याची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते. २००५ साली विद्यापीठास ज्यांचे नाव दिले गेले, ते संत गाडगेबाबा स्वतः निरक्षर होते. त्यांनी आपली पंढरपूरची धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. असे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाकडून लोकांनी अधिक अपेक्षा केली, तर त्यात त्यांचा दोष नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. त्या जागांनी दार उघडले आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करण्याचे कारण नाही. परंतु दार उघडणे वेगळे आणि आत आलेल्याला पाट मांडून देणे वेगळे. प्रवेशाचा आकडा जून-जुलैत मोजला जातो. पाट मांडला गेला की नाही, हे दिवाळीच्या सुट्टीनंतर कळते. सुट्टीला घरी गेलेला मुलगा परत आला नाही, तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीची खूण पडते आणि पुढे ते नाव कमी होते. का आला नाही, हे विचारावयास कोणी जात नाही. गळती या शब्दात एक सोय आहे. गळणाऱ्या पाण्याला कारण विचारण्याची पद्धत नसते.

पहिले कारण भाषेचे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती संथाली-मुंडारीच्या, म्हणजे मुंडा कुळातील भाषा आहे आणि त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडील आहे. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे ७ लाखांहून अधिक होते. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथालीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, कोरकूला मिळाले नाही. मेळघाटातला मुलगा पहिलीत मराठी शिकतो, बाजारात हिंदी बोलतो आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी ग्रंथांपुढे बसतो. हे चौथे भाषांतर मनात चालू असताना तो गप्प बसतो, आणि आपण त्याला मंद ठरवतो.

या भाषेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असे दोन प्रकार मराठीत आहेत: ‘आपण’ आणि ‘आम्ही’. इंग्रजीत हा भेद नाही. कोरकूत आहे, शिवाय केवळ दोघांविषयी बोलताना त्यासाठी निराळी रूपे आहेत. म्हणजे कोणी मला आपल्यात धरले आणि कोणी वगळले, हे ओळखण्याचा सराव या मुलांना आईच्या भाषेतूनच मिळालेला असतो. वर्गात शिक्षक ‘आपले सण’, ‘आपली संस्कृती’ म्हणतात तेव्हा त्या आपलेपणात तो आहे की नाही, हे त्याला चटकन कळते.

हजेरी घेताना कासदेकर, जांबेकर, बेठेकर अशी आडनावे आली की माना वळतात. कोणी हसते. होळीच्या सुमारास ही मुले आठवडाभर दिसत नाहीत म्हणून त्यांना बेशिस्त म्हटले जाते. कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी; त्यानंतर मेघनाथाच्या यात्रा भरतात; मजुरीसाठी सपाटीवर गेलेली कुटुंबे याच दिवसांत गावी परततात. प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख ठरवताना दिवाळीचा विचार करणाऱ्यांनी होळीचाही केला, तर वेळापत्रक कोसळणार नाही.

हसणे येथेच थांबते असे नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगावकडच्या, तडवी भिल्ल समाजातील होत्या. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच विनियम करून प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा असे सांगितले होते. माझी प्राचार्य महाशयांना विनंती आहे की, आपल्या महाविद्यालयातील असा अधिकारी कोण, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारून पाहावे. फलकावर नाव असणे निराळे आणि त्या नावाचा माणूस ओळखीचा असणे निराळे.

सामावून घेणे म्हणजे काय, याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. अचलपूर तालुक्यातच वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ, दिव्यांग मुलांना आपले आडनाव देऊन वाढविले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे वाढलेल्या माला पापळकर या दृष्टिहीन मुलीने अमरावतीत उच्च शिक्षण घेतले आणि २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. तिच्या कर्तृत्वाचे कौतुक सर्वांनी केले. मला त्यामागची यंत्रणा दिसते: ब्रेल लिपीची पुस्तके, कोणीतरी वाचून केलेले ध्वनिमुद्रण, वेळेवर मिळालेला लेखनिक. अशा प्रत्येक मुलामुलीमागे या गोष्टी उभ्या राहाव्या लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पण परीक्षेच्या आदल्या दिवशीपर्यंत लेखनिक मिळाला नाही, तर ती जागा कागदावरच राहते.

विद्यापीठ या मुलांवर उपकार करते, ही समजूतही सोडावी. येथून जवळच, आपल्याच तालुक्यातील पायविहीर या गावाने २०१२ साली सुमारे १९२ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळविले आणि उजाड टेकडीवर पुन्हा जंगल उभे केले. कोणत्या झाडाला कधी बहर येतो, गवत केव्हा राखावे, सीताफळ केव्हा उतरावे, हे जाणणारी मुले आपल्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली असतात. क्षेत्रकार्याच्या वेळी त्यांना पुढे चालावयास सांगून पाहावे.

आता दाखल्यांविषयी, यात पंचायत सदस्यांचे काम सर्वांत मोठे आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा तर जमातीच्या दाखल्याची वैधता तपासून घ्यावी लागते. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो. ज्या घरातला आजा शाळेतच गेला नाही, तेथे हा पुरावा शाळेच्या दाखल्यात कोठून सापडणार? तो कोतवाल बुकात, जुन्या महसुली नोंदींत शोधावा लागतो आणि शोधणाऱ्याची दोन-तीन मजुरीची हजेरी बुडते. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भोजन व निवासासाठी थेट बँकखात्यात रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना २०१६-१७ पासून आहे. ती रक्कम हाती येईपर्यंत खानावळवाला थांबत नाही. महाविद्यालयाने या मधल्या महिन्यांसाठी छोटा फिरता निधी ठेवला, तर कित्येक मुले दिवाळीनंतर परत येतील.

धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी तेथील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला असून त्याच्या खर्चाच्या बाबींत शिक्षण आहे. ग्रामसभेने ठराव करून बारावीत बसलेल्या मुलामुलींची यादी मार्च अखेर तयार करावी. कोणाचा जुना पुरावा मिळाला, कोणाचा राहिला, हे त्या यादीतच लिहावे. आणि यादीची एक प्रत धारणीच्या प्रकल्प कार्यालयाकडे, दुसरी परतवाडा-अचलपूरच्या महाविद्यालयांकडे पाठवावी. प्राचार्यांनी यादी मिळताच प्रत्येक नावासाठी एक प्राध्यापक व वरच्या वर्गातील एक कोरकू विद्यार्थी नेमून द्यावा. निकाल लागल्यावर पहिली एस.टी. घाट उतरेल, तेव्हा बसस्थानकावर त्या दोघांपैकी कोणीतरी असावे.