कॅमेरा नेमका कशावर लटकतोय?

आजचा विषय ऐकायला एकदम फुटकळ वाटेल. पट्टा. कॅमेऱ्याचा पट्टा. पण थांबा, स्किप करू नका, यात माझी मान गेली होती आणि एका आजींचा पाय जाता जाता राहिला.

सुरुवात रद्दीवाल्यापासून करते. मागच्या आठवड्यात काका रद्दी न्यायला आले होते. काटा बाहेर काढलेलाच होता, म्हटलं काका, जरा माझी बॅगपण लावा ना. त्यांनी हुकाला बॅग अडकवली, आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "साडेअकरा किलो. ताई, यातपण रद्दीच भरलीय का?"

(हसते) हसले मी, पण नंतर घरात बसून हिशोब केला. मी लग्नं शूट करते, दोन बॉडी घेऊन. एकीवर ७०-२००, दुसरीवर २४-७०. माझी बॉडी कॅननची फाइव्ह डी मार्क फोर, बॅटरी आणि कार्डासकट ८९० ग्रॅम. जुनी ७०-२०० लेन्स १४९० ग्रॅम. म्हणजे हा एकच सेट जवळजवळ २.४ किलो. दुसरा १.७. वर फ्लॅश आणि त्याचे चार सेल. साडेचार किलोच्या वर माल अंगावर, सकाळी मेकअप रूमपासून रात्री रिसेप्शनची शेवटची पंगत उठेपर्यंत. आणि हे बॅगेतलं बाकी सामान न धरता.

पहिली चार वर्षं मी काय करत होते? डब्यात येतो ना तो काळा पट्टा, कंपनीचं नाव लिहिलेला, तो सरळ गळ्यात. सगळे तसंच करतात. सीझन संपला की मान आखडायची, बाम लावायचा, झालं. मग एका मे महिन्यात उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. कॅमेरा उचलला की हात जड. फिजिओथेरपिस्टकडे गेले तर त्यांनी आरशासमोर उभं केलं. माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर. मला कधी दिसलाच नव्हता! कारण सोपं होतं. गळ्यातलं वजन डोकं पुढे ओढतं, आणि डोकं सावरायला मानेचे आणि खांद्याचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. तुम्हालाही मुंग्या, बधिरपणा असं काही होत असेल तर यूट्यूबवरचे व्यायाम शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. लोक म्हणतात, जाड गादीचा पट्टा घे, वजन कमी वाटतं. पट्टा रुंद केला की तो रुततो कमी, एवढंच. वजन तेवढंच राहतं आणि मानेवरच राहतं. ते ताणणारे, रबरासारखे पट्टे असतात, ते मला अजिबात आवडत नाहीत. चालताना कॅमेरा यो-योसारखा वरखाली होतो.

मग मी स्लिंग घेतला. एका खांद्यावरून तिरका, कॅमेरा दुसऱ्या बाजूला कमरेशी, उलटा लटकलेला. मानेला सुट्टी! मी इतकी खूश होते की ज्याला भेटेन त्याला सांगत होते. आणि त्याच वर्षी दिवे घाट.

वारीचं शूटिंग ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो दिवस म्हणजे तीसेक किलोमीटरची चाल आणि त्यात घाटाचा चढ. आम्ही फोटोवाले पहाटेच निघालो होतो. सकाळी ट्रायपॉडवर टाइमलॅप्स केला, मग प्लेट काढली आणि त्याच भोकात स्लिंगचा स्क्रू हाताने पिळला. घाईत. त्या स्क्रूखाली एक रबरी वायसर असतो, तो कधीतरी पडून गेला होता. असेल काय तो, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

हा स्क्रू पाव इंची असतो, एका इंचात २० आटे. पण आत किती आटे बसतात? मोजकेच. चालताना कॅमेरा कमरेवर थोडा थोडा फिरत राहतो, आणि प्रत्येक फिरण्याबरोबर स्क्रू केसभर सैल होतो. वायसर त्याला धरून ठेवतो. माझ्याकडे तो नव्हता. घाटाच्या मध्यावर, गर्दीत, मला अचानक हलकं वाटलं. एवढंच. आवाज नंतर आला.

२.४ किलो कमरेच्या उंचीवरून डांबरावर. शेजारून एक आजी चालल्या होत्या, डोक्यावर तुळस, पाय अनवाणी. त्यांच्या पावलापासून चार बोटांवर कॅमेरा पडला. त्या थबकल्या, वृंदावन एका हाताने सावरलं आणि मलाच विचारलं, "माउली, लागलं का तुला?"

लेन्सचा माउंट वाकला होता, दुरुस्तीचं बिल आलं, ते सगळं फिटलं. पण ते चार बोटांचं अंतर मला अजून दिसतं. तोपर्यंत मी पट्टा म्हणजे माझी मान आणि माझे पैसे एवढाच विचार करत होते.

त्यानंतर मी एक सवय लावली. कॅमेऱ्यापासून माझ्या हाडापर्यंत बोट फिरवत यायचं. स्क्रू, मग कडी, मग पट्टा, मग बकल, मग खांदा. यातली कुठली एक गोष्ट सुटली तर काय होईल, हे प्रत्येक ठिकाणी विचारायचं. स्क्रू सुटला तर? म्हणून आता माझ्या कॅमेऱ्याला दुसरी दोरी आहे, कॅमेऱ्याच्या वरच्या पट्ट्याच्या कडीतून थेट स्लिंगच्या पट्ट्याला. ट्रेकिंगच्या दुकानातली बारीक पण दणकट दोरी, शे-दोनशेचं काम. स्क्रू निघाला तरी कॅमेरा हातभर खाली लटकेल, पडणार नाही. आणि स्क्रूवर नेलपॉलिशची एक रेघ मारलीये, अर्धी स्क्रूवर, अर्धी कॅमेऱ्याच्या तळावर. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरलाय. गॅरेजवाले नटबोल्टला अशीच खूण करतात.

जड लेन्स असेल तर स्लिंग बॉडीला लावूच नका, लेन्सच्या कॉलरला लावा. नाहीतर दीड किलोची लेन्स बॉडीच्या माउंटवर दिवसभर हिसके देते. मात्र कॉलरची फिरकीसुद्धा घट्ट आहे का ते बघा. माझ्या लेन्सची कॉलर फिरकी सैल झाली तर उघडते, म्हणजे तिथेही तीच गंमत. आणि रस्त्यावर मिळतात ती किचेनची रंगीत हुकं वापरू नका, ज्याला स्क्रूचं कुलूप आहे असंच हुक घ्या.

बकलबद्दल एक. पट्ट्याचं टोक बकलमधून काढलं की ते परत उलटं आत ओवायचं आणि चांगलं दोन इंच शिल्लक ठेवायचं. नुसतं लोंबत सोडलेलं टोक हळूहळू सरकत जातं. शिवण आणि दोऱ्या महिन्यातून एकदा उजेडात बघा. काही दोरीच्या अँकरमध्ये आत वेगळ्या रंगाचा धागा असतो, तो दिसायला लागला की दोरी झिजली, फेकून द्या. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, ती पुसून टाकाल, पण शिवणीचा दोरा कुजलेला असू शकतो.

दोन कॅमेरे असतील तर मग हार्नेस. इथे मुलींसाठी स्पेशल तक्रार! बरेच हार्नेस बघून वाटतं की बनवणाऱ्याने छाती नावाचा प्रकार विचारातच घेतला नाही. छातीचा आडवा पट्टा नको तिथे येतो. मी तो वर, गळ्याच्या हाडाखाली चार बोटं, असा ओढून घेते. पाठीवर पट्टे जिथे एकमेकांना छेदतात ती जागा दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध हवी. ती मानेकडे सरकली तर परत मानेवरच वजन, मग हजारो रुपये घालून काय मिळवलं? विकत घ्यायच्या आधी दुकानात दोन्ही कॅमेरे लावून खाली वाका, पाटावर बसा, उठा. लग्नात आपण तेच करतो.

गर्दीत कमरेवरचा कॅमेरा बरोबर लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर असतो, हे लक्षात ठेवा. चालताना एक हात कायम त्याच्यावर. लोकलमध्ये, बाइकवर, हरिहरसारख्या उभ्या पायऱ्यांवर कॅमेरा अंगावर नकोच, बॅगेत. तिरका स्लिंग अडकला तर पटकन निघत नाही, आणि बाइकवर लोंबता पट्टा म्हणजे चाकाजवळची ओढणीच.

बॅगेतही जड लेन्स पाठीला चिकटून, बाहेरच्या खिशात चार्जर वगैरे. आधी कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर आवळायचा, मग खांद्याचे. उचलताना एकदम पाठीवर भिरकावू नका, आधी मांडीवर घ्या, मग एक हात घाला.

आणि हो, त्या साडेअकरा किलोमधून मी तीन गोष्टी बाहेर काढल्या. एक लेन्स, जी वर्षभर वापरली नव्हती, एक जुना फ्लॅश आणि, खरं सांगते, एक डंबेलसारखी पाण्याची स्टीलची बाटली. आता साडेआठवर आलीये. तुमच्या बॅगेचं वजन करा आणि व्हॉइस नोट पाठवा. आकडा खरा सांगा हं. काकांचा काटा रविवारी आमच्या गल्लीत असतो.